अर्ध्यावर राहिलेला पालट

देवीदास,

कॉलेजातल्या तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. प्राचार्यांनी नाव पुकारलं, माइक माझ्यासमोर आणून ठेवला, आणि मी मान हलवून नाही म्हटलं. सगळ्यांना वाटलं, मॅडमना हुंदका आवरत नाही. हुंदका कसला, मला राग आवरत नव्हता. माझ्या आधी एकाने उठून तू अजातशत्रू असल्याचं सांगितलं. तू! सेमिनारमध्ये मागच्या रांगेतून तुझा हात वर गेला की पेपर वाचणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळायचं. दुसऱ्याने तुला मितभाषी करून टाकलं. मी खुर्चीत बसून विचार करत होते की हे सगळे कोणाबद्दल बोलताहेत, आणि ज्याच्याशी मी इतकी वर्षं भांडले तो माणूस यांना कधी भेटलाच नाही का.

तू हे असं का केलंस, देवीदास? शनिवारी दुपारी स्टाफरूममध्ये आपला वाद अर्ध्यावर टाकून उठलास. "पुढचं सोमवारी" म्हणालास, दारव्ह्याची जीप धरलीस, आणि रविवारी सकाळी तांड्यावर आपल्या अंगणात चहाचा कप हातात असताना गेलास. सुनीतावहिनी म्हणतात, त्रास काही झाला नाही. तुला झाला नसेल. मला होतोय. महिना होत आला, आणि मी एका जागी दहा मिनिटं बसू शकत नाही. वर्गात हिशेबातला घसारा शिकवताना मध्येच थांबते. फळ्यावर अर्धं वाक्य तसंच राहतं, मुलं एकमेकांकडे बघतात, आणि मी खडू ठेवून खिडकीशी जाते.

तुला आठवतं, आपण एकाच वर्षी या कॉलेजात लागलो. मी यवतमाळची, घरात सगळे कचेरीत नोकऱ्या केलेले, आजोबांपासून. तू दारव्ह्याजवळच्या तांड्यातला, घरी बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी, आणि भांडायला दोन्ही. तुझे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. "आमचे लोक माल न्यायचे अन् तुमचे लोक त्याची नोंद करायचे," तू पहिल्याच आठवड्यात म्हणालास, "म्हनून तुमचं अक्षर चांगलं हाय अन् आमचे पाय." चारचौघांत मला मॅडम म्हणायचास आणि एकटी असले की अनुबाई. आपला विषयही एकच निघाला. कंपन्यांचे हिशेब, ते कोण कसे लिहितं, आणि जे लिहिलं आहे त्यामागे काय लपलं आहे.

यवतमाळात बसून कंपन्यांवर संशोधन करायचं म्हणजे लोकांना गंमत वाटायची. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत आपण पेपर वाचायला गेलो होतो, तेव्हा एक सुटाबुटातला प्राध्यापक चहाच्या वेळी म्हणाला, "यवतमाळ? तिथे कुठल्या कंपन्या आहेत?" तू बिस्किट चहात बुडवत शांतपणे विचारलंस, "सर, चंद्राचा अभ्यास करनारे चंद्रावर राह्यतात का?" त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. परतीच्या गाडीत मात्र तू गप्प होतास. ते वाक्य तुला लागलं होतं, हे मला नेर गावाच्या पुढे आल्यावर कळलं. तेव्हा तू अचानक म्हणालास, "पेपर तं आपलाच चांगला होता ना अनुबाई?" मी हो म्हटलं. आणि तो खरंच चांगला होता.

मोठ्या संस्थांकडे कंपन्यांच्या आकडेवारीचे महागडे संच असत. आपल्या कॉलेजला वर्गातले पंखे दुरुस्त करायला पैसे नव्हते. मग ती अफलातून युक्ती तुलाच सुचली. दोघांनी प्रत्येक कंपनीचा एकेक शेअर घ्यायचा. एक शेअर घेतला की माणूस मालक, आणि मालकाला वार्षिक अहवाल पाठवावाच लागतो. तेव्हा अहवाल छापून पोस्टाने यायचे. तुझ्या घरी पोस्टमन वैतागायचा, आणि वहिनी त्याहून जास्त. जुने झालेले अहवाल त्यांनी स्वयंपाकघराच्या फळ्यांवर अंथरले होते, गुळगुळीत कागद म्हणून. डाळीचा डबा उचलला की खाली कुठल्यातरी कंपनीचा चेअरमन हसताना दिसायचा. "या साहेबाच्या डोक्यावर मी रोज तुरीची डाळ ठेवतो," वहिनी म्हणायच्या. तू त्यांना बजावून ठेवलं होतंस की मागची पानं फाडायची नाहीत.

मागची पानं! त्यावरून आपण किती भांडलो. तू अहवाल मागून वाचायचास. आधी बारीक टाइपातल्या टिपा, मग आकडे, आणि चेअरमनचं भाषण वाचलं तर वाचलं. "पुढं फोटोच हायेत. खरं बोलायचं असलं का मानूस बारीक अक्षरात बोलते." मी पुढून वाचायचे. मला फोटो बघायला आवडायचे, कोण कुठे बसलंय, कोणाची खुर्ची जराशी सरकली आहे. तू मला हसायचास. पण आपल्या हाताला जे काही मोठं लागलं ते या दोन सवयींमुळेच लागलं.

त्या दुपारी तुझ्या घरी मी एका सूतगिरणी चालवणाऱ्या कंपनीचा अहवाल बघत होते. पहिल्या पानावर जुन्या चेअरमनचा फोटो, हार घातलेला, खाली श्रद्धांजली. मुलगा बरीच वर्षं कारभार बघत होता, पण बाप खुर्चीत होता, तो त्या वर्षी गेला. मी हळहळले. टेबलाच्या पलीकडे तू त्याच अहवालाची दुसरी प्रत मागून वाचत होतास. तू म्हणालास, "हे पाह्य अनुबाई, यानं यंदा पूर्ण गिरनीच राइट-ऑफ केली. कवाची बंद हाय, अन् आतापावतर पुस्तकात ठणठणीत दाखवून राह्यला." बापाने उभारलेली, कधी धड न चाललेली गिरणी. बाप जिवंत असेपर्यंत ती हिशेबात मालमत्ता म्हणून पूर्ण किमतीने उभी होती. बाप गेला आणि त्याच वर्षी मुलाने तिची किंमत शून्य केली. आपण दोघांनी एकदम मान वर केली. मग फळ्यांवरचे, पलंगाखालचे, वहिनींच्या डब्यांखालचे सगळे अहवाल बाहेर आले. मी पुढून, तू मागून. पुन्हा हार, पुन्हा राइट-ऑफ. सगळीकडे नाही, पण इतक्या ठिकाणी की तू उठून उभा राहिलास आणि खोलीत येरझारा घालू लागलास. मला तो आनंद अजून आठवतो. तसा आनंद मला दुसऱ्या कोणी दिला नाही, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही.

आणि तिथूनच आपलं बिनसलं. असं का होतं, यावर आपलं जमेचना.

तुझं म्हणणं सरळ होतं. ही फसवणूक आहे. गिरणी मेलेली आहे हे मुलाला ठाऊक आहे, ऑडिटरला ठाऊक आहे, आणि तरी ज्याने आपले पैसे त्या कंपनीत गुंतवले त्याला ती जिवंत म्हणून दाखवली जाते. "बापाचा मान ठेवाचा असन तं घरी ठेव. लोकाच्या पैशानं कायले ठेवतं?" माझं म्हणणं, हा लिहाज आहे, वडीलधाऱ्यांची ठेवलेली भीड. हिशेब माणसं लिहितात, आणि माणूस बापाच्या डोळ्यांदेखत बापाची चूक लिहीत नाही. पुस्तकात असा लिहाज किती बसतो, तो मोजता येतो का, हा खरा शोध. तू म्हणायचास, अनुबाई, तू पाप धुऊन राह्यली. मी म्हणायचे, तुला माणूस दिसत नाही, नुसत्या टिपा दिसतात.

माझं पाणी कुठे मुरत होतं ते तुला माहीत होतं. माझ्या वडिलांनी कचेरीत वरिष्ठांच्या चुका आयुष्यभर आपल्या अंगावर घेतल्या. एकदा त्यापायी त्यांची बढती गेली. रिटायर झाल्यावरही त्या साहेबाचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी लहानपणी विचारायचे, बाबा, तुम्ही का नाही सांगितलं? ते म्हणायचे, "साहेब होते ते." लिहाजाला फसवणूक म्हटलं की मला वाटायचं, तू माझ्या बाबांना फसवा म्हणतोयस. बाबा गेले तेव्हा तू रोज संध्याकाळी येऊन बसायचास, काही न बोलता. आईला वाटायचं, या माणसाला काम नाही का? तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी तू एवढंच म्हणालास, "बाबूजी चांगले होते. चांगल्या मानसाच्या बी चुका राह्यतात अनुबाई." मी तेव्हा तुझ्यावर चिडले होते. आज ते वाक्य आठवलं की चीड येत नाही, तू येतोस.

आपल्यात असं अडलं की एक रीत ठरलेली होती. पालट. पहिल्या पेपरच्या वेळी आपण इतके भांडलो की पंधरवडाभर अबोला धरला. मग तूच तोडगा काढलास. म्हणालास, तांड्यात तंटा निघाला की पंचांपुढे तुझा आजा दोघांना एकच सांगायचा: "पयले त्याचं सांग, मंग तुयं." खरं-खोटं तुझा आजा जाणे. पण तेव्हापासून आपण निष्कर्ष लिहायच्या आधी बाजू पालटायचो. एक पूर्ण बैठक मी तुझी बाजू लढवायची आणि तू माझी. हसायचं नाही. "मला पटत नाही, पण" असं म्हणायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, बाजू उसनी असली तरी पुरावा खरा पाहिजे. दुसऱ्या बैठकीत दोघं आपापल्या बाजूला परत यायचो, आणि कोण किती हललं ते खरं खरं सांगायचो. घरी मिस्टरांशी मी एवढ्या नियमाने भांडले असते तर माझा संसार सोन्याचा झाला असता. ते ऐकून तू म्हणालास, "त्याईले शेअर घ्याव लागन मंग."

त्या शनिवारी पालटाची पहिली बैठक होती. पेपर नियतकालिकाकडून दुरुस्तीला आला होता, फक्त शेवटचा भाग राहिला होता. मी तुझ्या बाजूने बसले आणि तू माझ्या. तू नेहमी कोष्टकं काढायचास, त्या दिवशी काढली नाहीस. चष्मा काढून टेबलावर ठेवलास आणि बोलायला लागलास.

"माया बापानं एक टेम्पो घेतलता. जुना. आपले लोक माल नेत होते, आपुन बी नेऊ, असं त्याच्या मनात. एक हंगाम कापूस नेला दारव्ह्याले, अन् इंजिन बसलं. मंग निंबाखाली उभा राह्यला तो राह्यलाच. कोंबड्या अंडे घालत त्याच्यात. पन दसरा आला का बाप त्याले धुवे, झेंडूचा हार घाले, नारळ फोडे. अन् मले इचारे, तू हिशेबाचा मास्तर हायेस ना रे, काय किंमत असन आता याची? मी वाढवून सांगितली. दरसाली. त्याले माहीत होतं मी खोटं बोलून राह्यलो. मले माहीत होतं का त्याले माहीत हाय. याले तू फसवनूक म्हनशीन?"

मला गलबलून आलं होतं. इतकी वर्षं तुला ओळखते, तुझ्या वडिलांना तांड्यावर भेटले होते, आणि हे मला माहीत नव्हतं. पण पालट चालू होता. मी तुझ्या बाजूची होते, आणि तुझी बाजू रडत नाही.

"म्हणेन," मी म्हटलं. "बापाच्या टेम्पोत तुझ्या धाकट्या भावाचाही वाटा असणारच ना? त्याला काय किंमत सांगितलीस?"

तू टेबलावरचा चष्मा उचललास. "तेच सांगितलं."

"मग तू बापाचा मान भावाच्या पैशाने ठेवलास. लिहाज काही नाही त्यात. फसवलंस त्याला."

तू माझ्याकडे पाहिलंस. "हाव," म्हणालास. "फसवलं." आणि चष्मा चढवून, पिशवी उचलून उठलास. दारातून मागे वळून म्हणालास, "पुढचं सोमवारी. मंग तुयं तू बोल, मायं मी."

तेवढंच. यानंतर तू मला काही बोलला नाहीस, आणि आता बोलणार नाहीस. आपला पालट अर्ध्यावर राहिला, देवीदास. तू माझ्या बाजूला असताना गेलास, मी तुझ्या बाजूला असताना मागे उरले. "फसवलंस त्याला" हे वाक्य मी बोलले आणि ते माझं नव्हतंच, तुझं होतं, मी फक्त नियम पाळला. पण रविवारी फोन आला तेव्हापासून माझ्या कानात तेच वाजतंय. तू खरंच माझ्या बाजूला आला होतास का? की बाजू लढवत होतास? ते "हाव" कोणाचं होतं?

तेराव्याला मी तांड्यावर आले. तुझा भाऊ दाराशी बसला होता. त्याने हात जोडले, आणि मला त्याच्या डोळ्याला डोळा देता येईना. वाटलं, या माणसाला फसवल्याचं मी याच्या भावाच्या तोंडून वदवून घेतलंय. अंगणात निंबाचं झाड होतं. त्याखाली बायका बसल्या होत्या. मी आजूबाजूला बघत राहिले. शेवटी वहिनींच्या शेजारी बसून हळूच विचारलं, "वहिनी, तो टेम्पो कुठे आहे? बाबांचा?"

वहिनींनी डोळे पुसले. "कोनता टेम्पो, ताई?"

"जुना. निंबाखाली असायचा तो. दसऱ्याला पूजा करायचे ना त्याची."

"आमच्याकडं कवाच टेम्पो नोता," वहिनी म्हणाल्या. "बाबाले तं गाडीत बसलं का उलटी होत जाये. दारव्ह्याचा बाजार बी पायीच करत ते."

देवीदास, मला हसू आलं. तुझ्या तेराव्याला, तुझ्या बायकोच्या शेजारी, इतक्या बायकांत. पदर तोंडावर धरला तरी खांदे हलत होते, आणि वहिनींना वाटलं मी रडतेय, म्हणून त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग मी खरंच रडले. कोंबड्या अंडी घालायच्या म्हणे! झेंडूचा हार! इतकं बेमालूम खोटं, तेही तू, ज्याला दुसऱ्याच्या पेपरातला एक आकडा इकडचा तिकडे झालेला खपत नसे.

परतीच्या जीपमध्ये माझ्या एका बाजूला सोयाबीनचं पोतं होतं आणि दुसऱ्या बाजूला एक म्हातारी. आधी मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, तू हललाच नव्हतास. माझी बाजू कमजोर होती, तुला तिच्यासाठी पुरावा मिळाला नाही, म्हणून तू एक टेम्पो उभा केलास. वकिली केलीस. पण जीप फाट्यावर थांबली, म्हातारी उतरली, आणि माझ्या मनात दुसरंच सुरू झालं. नियम तूच केला होतास, पुरावा खरा पाहिजे. इतक्या वर्षांत तू तो कधी मोडला नाहीस. मग माझ्या बाजूसाठीच का मोडलास? जे घडलंच नाही ते इतका जीव लावून सांगणारा माणूस नुसती वकिली करत असतो का? आणि यवतमाळचं स्टँड आलं तेव्हा तिसरं मनात आलं, ते अजून जात नाही. तुला माहीत होतं, लिहाजाची बाजू म्हणजे माझे बाबा. त्या बाजूने बोलायला तुला एक बाप हवा होता. माझा बाप वादात ओढायचा नाही, म्हणून तू आपला पुढे केलास. त्याला टेम्पोही घेऊन दिलास. असं आहे का ते? तू नाकावर चष्मा सरकवून म्हणशील, "फिल्मी करून राह्यली अनुबाई." म्हण. निदान तेवढं तरी म्हण.

इकडे पेपर तसाच पडला होता. संपादकांना मी तुझी बातमी कळवली. त्यांचं सांत्वनाचं पत्र आलं, आणि शेवटी एक ओळ, की निष्कर्ष आता आपण आपल्या विवेकाने पूर्ण करावा. विभागातले एक सहकारी तर मोकळेपणाने म्हणाले, "मॅडम, वाईट झालं, पण आता तुमच्या मनासारखं लिहिता येईल." बिचारे चांगल्या मनाने म्हणाले. मी घरी आले आणि जेवू शकले नाही. जोडीदार गेला, आता त्याची बाजू पुस्तकातून काढून टाका. मी आणि तू ज्या वारस मुलांवर पेपर लिहिला, त्यांनी दुसरं काय केलं होतं?

मग ठरवलं, तुझ्या बाजूनेच निष्कर्ष लिहायचा. तुझी आठवण म्हणून, तुझा मान म्हणून. दोन पानं लिहिली आणि थांबले. मेलेल्या माणसाच्या मानासाठी हिशेब बदलायचा, यालाच तर तू फसवणूक म्हणत होतास. म्हणजे तुझं म्हणणं मान्य केलं तर मी तुझ्या मते लबाड, आणि अमान्य केलं तर आपल्या कोष्टकातला आणखी एक नमुना. तू असतास तर खदाखदा हसला असतास. मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. आमचे हे बाहेर येऊन म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "देवीदास." ते परत आत गेले.

आणि खरी अडचण याहून मोठी आहे, ती तुला सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. तुझी बाजू मला पटायला लागली आहे. महिनाभर मी तिथेच उभी आहे. पालटाची दुसरी बैठक झालीच नाही, त्यामुळे आपल्या बाजूला परत यायची माझी वेळच आली नाही. मी बाबांचा विचार करते, त्यांच्या गेलेल्या बढतीचा, आईने त्या वर्षी न घेतलेल्या शिलाई मशीनचा. साहेबाचा मान बाबांनी कोणाच्या पैशाने ठेवला, हा प्रश्न मी उभ्या जन्मात विचारला नव्हता. आता विचारते. पण हे मला खरंच पटलंय, की तू गेलास म्हणून पटवून घेतेय, हे मला कळत नाही. पूर्वी असं झालं की तू सांगायचास. माझ्याकडे नुसतं बघून सांगायचास, "नाई अनुबाई, हे तुयं नोहे." किंवा, "हाव, आता तू हलली." मी हलले आहे की नाही, हे बघणारा माणूस मी गमावला आहे. शोकसभेत बोलायचं असतं तर मी एवढंच बोलले असते, आणि ते कोणाला समजलं नसतं.

शेवटी मी दोन्ही लिहिलं. लिहाज लिहिला, फसवणूक लिहिली, दोन्ही पूर्ण ताकदीने, आणि खाली सरळ लिहून टाकलं की या प्रश्नावर दोन लेखकांचं एकमत झालेलं नाही. असा निष्कर्ष कोणी छापत नाही, मला माहीत आहे. टेम्पो घातला नाही, काळजी करू नकोस. नावांचा क्रम नेहमीचाच आहे. माझं नाव 'अ'वरून म्हणून जन्मभर पहिलं आलं आणि तू जन्मभर कुरकुरलास, या वेळी बदलावं असं फार वाटलं. पण तुला मेल्यावर दिलेली ती बढती आवडली नसती.

काल संपादकांचं उत्तर आलं. पेपर घेत आहेत. फक्त एक खुलासा हवा आहे, अगदी साधा, वाचकांच्या सोयीसाठी. दोन मतांपैकी कोणतं मत कोणत्या लेखकाचं, ते तळटीपेत स्पष्ट करावं.

मी दुपारभर त्या एका ओळीपुढे बसून होते. तुझं नाव टाइप केलं, खोडलं. माझं टाइप केलं, खोडलं. खिडकीशी गेले, परत आले. मग त्यांना लिहून पाठवलं की ते आता सांगता येत नाही.